आयली निस्कानेनचं मत

हॅलम बेमध्ये आयली निस्कानेनला नावाने हाक मारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी अख्खं गाव तिला मुम्मू म्हणायचं. फिनिश भाषेत मुम्मू म्हणजे आजी. तिला नातवंडं नव्हती, पोटचं मूलही नव्हतं. पण गावातलं बर्फावरच्या हॉकीचं मैदान ज्या इमारतीत होतं, तिथलं कँटीन ती लग्नाआधीपासून चालवत होती, आणि तिच्या हातचा वेलदोड्याचा गोड पाव खाऊन गावातल्या दोन पिढ्यांना मिशा फुटल्या होत्या. बँकेचा मॅनेजरसुद्धा काउंटरवर कोपर टेकून तिला अरेतुरे करायचा. "मुम्मू, कॉफी दे, आणि कालचा पाव माझ्या गळ्यात मारू नकोस." ती म्हणायची, "कालचा तुझ्यासाठीच राखून ठेवलाय." आणि ताजा पाव पुढे सरकवायची.

इमारतीचं दगडावर कोरलेलं नाव मेमोरियल अरीना. गाव तिला गोठा म्हणायचं. महायुद्ध संपल्यावर कागद गिरणीच्या कामगारांनी रविवार-रविवार राबून ती उभी केलेली. लाकडाच्या भल्यामोठ्या कमानी, त्यावर पत्र्याचं छप्पर, आणि आत बारमाही ओल. तळलेले बटाटे, घामट हातमोजे आणि बर्फ गोठवणाऱ्या यंत्राचा उग्र दर्प यांचा मिळून एक वास तिथे भरून असायचा. बाहेरगावच्या माणसाचं त्यानं डोकं दुखायचं. गावच्या माणसाला भूक लागायची.

त्या गोठ्यात हॅलम बे लॉगर्स खेळायचे. संघ पगारी खेळाडूंचा होता. लीग दुसऱ्या फळीची. थोरल्या लीगमधून उतरलेले आणि थोरल्या लीगपर्यंत कधीच न पोहोचणारे असे दोन्ही प्रकारचे गडी तिथे भेटत. संघ जिंकण्यापेक्षा हरायचाच जास्त. पण कॅनडात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत माणसानं घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि तिथे ते एकच होतं.

आयलीची गंमत अशी, की इतक्या वर्षांत तिने एकही सामना धड पाहिला नव्हता. कँटीनची खिडकी व्हरांड्याकडे उघडायची आणि बर्फ तिच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे. खेळ तिला ऐकू यायचा. बर्फाभोवतीच्या फळ्यांवर माणूस आदळला की वेगळा आवाज, चकती आदळली की वेगळा. गोल आपला की परक्यांचा, हे ती लोकांच्या ओरडण्यावरून नव्हे तर ओरडण्याच्या आधीच्या क्षणभराच्या शांततेवरून सांगायची. रांगेतली माणसं पैजा लावायची. ती सहसा चुकत नसे.

तिचा धाकटा भाऊ वेइको सारेला हा लॉगर्समधून खेळलेला गावचा पहिला मुलगा. बचावाच्या फळीत खेळायचा. गोल फारसे केले नाहीत, पण समोरच्याला सुखासुखी करूही दिले नाहीत. समोरचे दात गेले, उजवा गुडघा कायमचा गेला, आणि त्या बदल्यात संघानं त्याच्या नंबरचं निशाण छताला टांगलं. खेळ संपल्यावर त्यानं गोठा सोडला नाही. खेळाडूंच्या खोलीशेजारी एका अडगळीच्या खोलीत बसून तो स्केटच्या पात्यांना धार लावायचा. लग्न केलं नाही. आयलीचा नवरा रेइनो वारला तेव्हा वेइको आपली बॅग घेऊन तिच्या घरी आला, खालच्या मजल्यावर राहिला, आणि तिथेच राहून गेला. दोघं सकाळी एकत्र गोठ्याकडे चालत जात. वाटेत बोलणं जवळपास नसायचंच.

मग गिरणी बंद पडली. वर्षाच्या आत मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं गेली. आधी तरुण पोरं गेली, त्यांच्यामागून त्यांचे आईबाप गेले. लॉगर्सचा मालक वॉरिक टोरोंटोचा. त्यानं संघ घेतला तेव्हा गिरणीची धुराडी चालू होती. आता तो दर महिन्याला येऊन तेच सांगायचा: गोठा म्हातारा झालाय, अशा इमारतीत कुठलाही संघ तग धरू शकत नाही, नवी इमारत बांधा नाहीतर मी चाललो. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं एक शहर त्याला नवीकोरी इमारत द्यायला तयार होतं. तिथे बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात पाहिलेली माणसं राहतात, असं वेइको म्हणायचा. पण म्हणून वॉरिकचा विचार बदलत नव्हता.

शेवटी एवढं ठरलं की वसंतात गावाचा कौल घ्यायचा. कौल नव्या इमारतीच्या बाजूने लागला तर संघ राहील. तोवर लॉगर्स गोठ्यातच खेळतील. करारात एक अट होती: मधेच गोठा खेळण्यालायक राहिला नाही, तर वॉरिक मोकळा.

त्याच वर्षी शरदात नगरपालिकेची निवडणूक आली. गावाला कौल जिंकायचा होता, म्हणून नगरपालिकेत हक्काचं माणूस हवं होतं. कुणीतरी कँटीनच्या रांगेत म्हणालं, "मुम्मूच उभी राहू दे की." तिने आधी हसण्यावारी नेलं. तिला भाषण येत नव्हतं, इंग्रजी बोलताना अजून फिनिश हेल निघायचा. पण आठवडाभरात घरांसमोरच्या बर्फात तिच्या नावाच्या पाट्या रोवल्या गेल्या. एका सामन्याच्या मध्यंतरात तिला दुधाच्या क्रेटवर उभं केलं आणि बोलायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी असेपर्यंत लॉगर्स कुठे जात नाहीत." त्या दिवशी टाळ्या थांबेपर्यंत पुढचा खेळ सुरू झाला होता. वेइको दाराशी उभा होता. त्याला एवढं मोकळं हसताना तिने त्याआधी कधी पाहिलं असेल, ते तिला आठवेना. मतं तिला महापौरापेक्षा जास्त पडली.

डॅरिल कोझाक हा नगरपालिकेचा इंजिनियर. शांत, जरा भित्रा वाटणारा माणूस. आयलीने त्यालाही लहानपणी पाव खिलवलेला होता. जानेवारीत एका सकाळी तो कँटीनवर आला आणि कॉफी न मागताच म्हणाला, "मुम्मू, जरा माझ्याबरोबर येशील? तुला काहीतरी दाखवायचंय."

त्यानं तिला उत्तरेकडच्या प्रेक्षकांच्या बाकांमागे नेलं. तिथे कमानींचे पाय खाली काँक्रीटच्या चौकटीत उतरत होते. वर्षानुवर्षं छतावरून निथळलेलं पाणी त्या चौकटींत साचून राहिलं होतं. कोझाकने लाकडावर लावलेला पत्रा बाजूला केला, खिशातून साधा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कमानीच्या पायाला टेकवून दाबला. दुधात भिजवलेल्या पावात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"वरचं?" तिने विचारलं.

"वरून ठणठणीत आहे. पायातच कुजलंय. हा एकच नाही, या बाजूचे बरेच आहेत."

तिने स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून घेतला आणि पुढच्या कमानीला स्वतः टोचून पाहिला. मग तो पुसून त्याला परत केला आणि कँटीनमध्ये येऊन दुपारच्या बटाट्यांना लागली. त्या दिवशी तिने सूप दोनदा खारट केलं.

दोन दिवसांनी दुपारी नगरपालिकेची बैठक झाली, दारं लावून. कोझाकने जे होतं ते सांगितलं. महापौर गार्नेट पेल हा विम्याच्या धंद्यातला, गोडबोल्या, पण मनानं वाईट नव्हता. संघ गेला तर गावाचा उरलेला जीव जाईल असं त्याला खरोखर वाटायचं. तो म्हणाला, "हे बघा, एप्रिलपर्यंतचाच प्रश्न आहे. बर्फ पडला की खोरी देऊन माणसं वर चढवू, छपरावर साठूच द्यायचा नाही. कौल आपल्या बाजूने लागणार हे सगळ्यांना माहीत आहे. मग सन्मानानं कुलूप लावू. आत्ता बंद केलं तर वॉरिक उद्या सकाळी ट्रक घेऊन येईल. हे कुजलेले खांब कालचे आहेत का? दहा वर्षं असेच उभे असतील. अजून तीन महिने उभे राहतील."

कुणाला ते अगदीच चूक वाटलं नाही. आयलीलाही नाही. खरं तर बैठकीला येताना वाटेत तिने स्वतःला हेच समजावलं होतं.

मतं घेतली. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आयलीने आपलं मत राखून ठेवलं होतं. पेल तिच्याकडे पाहून जवळजवळ हसला, कारण मुम्मूचं मत कुठे जाणार याची त्याला काळजी नव्हती.

तिने कोझाकला विचारलं, "डॅरिल, पडेल का ते?"

"सांगता येत नाही. पडेल असं मी लिहून देणार नाही. नाही पडणार असंही नाही."

"तुझी धाकटी दर शनिवारी स्केटिंग शिकायला येते ना?"

कोझाकने हातातल्या पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मागचे दोन शनिवार नाही पाठवली."

"आणि बाकीच्यांची पोरं?"

  आयलीने हात वर केला आणि गोठा बंद करण्याच्या बाजूने मत दिलं.

रेडिओवर बातमी यायच्या आधी ती घरी पोहोचली. वेइको स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं सूप खात होता. संध्याकाळी सामना होता, म्हणून लवकर जेवत होता. तिने कोट काढला नाही.

"गोठा बंद केलाय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"कायमचा."

त्याचा चमचा वाडग्याच्या काठावर थांबला. "कुणी?"

"नगरपालिकेनं."

"तू?"

"माझ्या मतानं झालं ते."

तिने त्याला कमानीचे पाय सांगितले, पाणी सांगितलं, स्क्रूड्रायव्हर सांगितला. कोझाकच्या मुलीचं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. तिचं संपल्यावर त्यानं उरलेलं सूप संपवलं, वाडगा धुतला, पालथा घातला.

"गावानं तुला एका कामासाठी निवडून दिलं होतं," तो म्हणाला. "एका."

आणि जिना उतरून खाली गेला.

पेलचं भाकीत एका दिवसाने चुकलं. ट्रक दोन दिवसांनी आले. वॉरिक स्वतः आला नाही, माणसं पाठवली. गाव रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहत होतं. खेळाडूंच्या बॅगा गेल्या, काठ्यांचे भारे गेले, वेइकोच्या खोलीतलं धार लावायचं यंत्रही गेलं, कारण ते संघाच्या मालकीचं होतं. छताची निशाणं उतरवून घड्या घालून खोक्यात भरली. वेइकोच्या नंबरचं निशाण त्यातच होतं. ते आपल्याला मिळावं असं त्यानं म्हटलं असतं तर कदाचित मिळालं असतं. पण मागण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि त्या माणसांना तो कोण हे ठाऊक नव्हतं. पुढे ते निशाण कुठे गेलं कुणाला कळलं नाही.

गावाच्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. शेवटचा सामना झाला नाही. आदल्या आठवड्यात लॉगर्स कुठल्याशा संघाकडून हरले, लोक चरफडत घरी गेले, आणि तोच शेवटचा होता हे कुणालाही माहीत नव्हतं. माणूस आजारी पडून गेला तर निदान उशाशी बसता येतं. हे म्हणजे दारात निरोप न घेता गेल्यासारखं झालं. म्हाताऱ्या बायका आयलीला म्हणायच्या, "निदान एक सामना तरी होऊ द्यायचास. एकानं काय झालं असतं?"  एकानं काय झालं असतं, हे तिलाही माहीत नव्हतं.

आणि त्या वर्षी बर्फ कमी पडला. जुन्या माणसांच्या आठवणीत नव्हता एवढा कमी. फेब्रुवारीत रस्ते दिसायला लागले. गोठ्याच्या छपरावर हातभरही थर साठला नाही. जणू आभाळसुद्धा गावाच्या बाजूने साक्ष देत होतं.

वसंत आला, कौल कशाचा घ्यायचा हा प्रश्नच उरला नव्हता. गोठा उभाच होता. उन्हाळा गेला, पुढचा हिवाळा आला, तोही गेला. दर वेळी बर्फ वितळला की दुकानात, पोस्टात, पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हणायचं, "छप्पर अजून जाग्यावर आहे हं." तिच्या तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. गोठ्याच्या बंद दारावर कुणीतरी रंगाने लिहिलं, 'मुम्मूच्या कृपेने'. पेल वर्तमानपत्रात म्हणाला की त्याचे हात बांधलेले होते. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही, आणि उभी राहा म्हणायलाही कुणी आलं नाही. कोझाकला दुसऱ्या गावात नोकरी मिळाली. जाताना तो निरोप घ्यायला आला, दारात उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, "मुम्मू, मी पुन्हा हिशेब करून पाहिला. माझं चुकलं नव्हतं." ती म्हणाली, "जा बाबा, सुखी राहा."

लोक तिच्याशी वाईट वागले असं म्हणता येणार नाही. दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त हळूहळू तिचं मुम्मूपण गेलं. बँकेचा मॅनेजर एक दिवस म्हणाला, "मिसेस निस्कानेन, तुम्ही इथे सही करा." तिने सही केली आणि बाहेर पायरीवर येऊन थोडा वेळ उभी राहिली. अरेतुरे करणाऱ्या तोंडातून आलेला तो 'तुम्ही' तिला थंडीपेक्षा झोंबला. नंतर सगळेच तुम्ही म्हणायला लागले. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा कुणी मुद्दाम सोडत नसे, पण ती आपोआप रिकामी राहायची.

घरी वेइको होता. फिनिश माणसांच्या घरात शांतता ही नवलाईची गोष्ट नव्हे. पण शांततेतही जाती असतात. तो जेवायला वर यायचा. लाकडं फोडायचा, दारातला बर्फ ओढायचा, शनिवारी परसातली सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायचा आणि पहिली पाळी तिला द्यायचा, जसा आधीही द्यायचा. मीठ दे, दिवा लाव, पाईप गळतोय, एवढं बोलायचा. तिचं नाव मात्र त्याच्या तोंडून गेलं. हॉकीचा शब्द घरात निघेना. रेडिओवर सामना लागला तर तो उठून बंद करायचा. सकाळी सवयीनं लवकर उठायचा, बूट घालायचा, आणि मग कुठे जायचं हे न सुचून दाराशी बाकावर बसून राहायचा. आयली वरून त्याचं बूट घालणं ऐकायची आणि दार उघडण्याच्या आवाजाची वाट पाहायची. तो आवाज कधीकधी तासभर येत नसे. एकदा तिला वाटलं, खाली जावं, त्याच्या शेजारी बसावं. ती जिन्यापर्यंत गेलीही. पण बसून बोलणार काय? माफ कर म्हणावं तर ते खोटं झालं असतं, कारण पुन्हा तीच वेळ आली असती तर तिने पुन्हा तसाच हात वर केला असता. आणि चूक नव्हती म्हणावं तर छप्पर समोर उभं होतं.

अशी काही वर्षं गेली. नगरपालिकेला शेवटी पडक्या इमारतीचा विमा परवडेना, आणि गोठा पाडायचं ठरलं. उन्हाळ्याचे दिवस होते. खुर्च्या घेऊन लोक पाहायला गेले. छप्पर कसं पडतं यावर गावात उघड उघड पैजा लागल्या होत्या. आयली गेली नाही. तिने त्या दिवशी सगळे पडदे धुवायला काढले. यंत्राचा आवाज घरापर्यंत येत होता, तो ऐकायला नको म्हणून ती नळ सोडून उभी राहिली.

वेइको सकाळी गेला तो संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. संध्याकाळी परतला तेव्हा केसांत, भुवयांत धूळ होती. तो थेट वर आला आणि टोपी न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली.

"पाडला," तो म्हणाला.

"हं."

"उत्तरेकडची बाजू." त्यानं घोट घेतला. "काल सकाळीच गेली ती. यंत्रानं नुसता हात लावला आणि गुडघे मोडल्यासारखी बसली. सगळ्या कमानी. एकामागून एक."

तिने टेबलाची कड धरली. "नुसता हात?"

"नुसता. आज दिवसभर दगडमातीच उचलत होते." तो तिच्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं झालं, आयली. तेव्हा आत कुणी नव्हतं."

इतक्या वर्षांनी त्यानं तिचं नाव घेतलं होतं. तिने उठून त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, दारात नेऊन झटकली, आणि बराच वेळ झटकत राहिली.

त्यानंतरची वर्षं त्या दोघांची चांगली गेली. फार वर्षं नव्हती, पण चांगली होती. वेइको रेडिओवरचे सामने पुन्हा ऐकायला लागला आणि वरच्या मजल्यावर येऊन ऐकायला लागला. परक्या शहरांच्या परक्या संघांना तो शिव्या द्यायचा, आणि ती भिंतीकडे तोंड करून पैजा लावायची. आवाज यंत्रातून येत असला तरी गोलच्या आधीची ती शांतता तिला ओळखता यायची. गावात तिला कुणी काही म्हटलंच तर आता तिचं मन हलकं होतं. लोकांना काय बोलायचं ते बोलू देत; वेइकोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुकानात 'जुन्या लोकांनी काय भक्कम बांधलं होतं' असं कुणी पुटपुटलं, की तिला वाटायचं, हे लोक अजूनही हट्ट सोडत नाहीत. तिने कधी वाद घातला नाही. तिला गरज वाटली नाही.

वेइको मार्चमध्ये गेला. लाकडं आणायला परसात गेला होता, तिथेच बसला, आणि तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा तो ओंडक्यांच्या राशीला टेकून होता, उन्हाकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाला, कळलंही नसेल त्याला.

चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरची कॉफी होती. तिला वाटलं होतं पाचदहा माणसं येतील. खोली भरली. जुने लॉगर्स आले होते, पोटं सुटलेले, काठ्या टेकत. त्यांनी वेइकोने कुणाकुणाला कसं फळ्यांवर आपटलं ते सांगितलं. आयली दाराजवळ खुर्चीवर बसली होती. लोक येऊन हात हातात घेत होते.

जील पेरो नावाचा एक फ्रेंच माणूस आला. खाणीवर आणि रस्त्याच्या कामांवर मोठी यंत्रं चालवायचा. साधा, मोठ्या आवाजाचा. तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "मिसेस निस्कानेन, तुमच्या भावाची माझी शेवटची भेट गोठ्यावरची. तो पाडला मी. दोन्ही दिवस वेइको कुंपणाला धरून उभा होता, जेवायलासुद्धा हलला नाही."

"हो, धुळीनं माखून आला होता," ती म्हणाली.

"उत्तरेकडच्या बाजूनं माझा जीव काढला हो. लाकूड पायात कुजलेलं होतं, ते खरं. पण वरच्या कमानींनी एकमेकींना असं धरून ठेवलं होतं, की पहिला अख्खा दिवस गेला, हलेना. पोलादी दोर तुटला माझा. दुसऱ्या दिवशी दुसरं यंत्र मागवलं तेव्हा दुपारी कुठे आली खाली. मी एवढ्या इमारती पाडल्या, पण तसलं हाडपेर नाही पाहिलं." तो कौतुकानं सांगत होता. त्यात टोमणा नव्हता. "शेवटी ती पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेइकोनं नाही वाजवल्या. मी खाली उतरलो तर मला म्हणाला, जील, आमच्या घरी यातलं काही बोलू नकोस. मी म्हटलं, मी कशाला बोलू?" पेरो थांबला. आपण काहीतरी भलतंच सांगून बसलो हे त्याच्या आत्ता लक्षात आलं असावं. त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे... तुम्हाला ठाऊकच असेल ना हे?"

आयलीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात आलं ते छप्पर नव्हतं. केसांत धूळ घेऊन टोपीसकट खुर्चीत बसलेला वेइको आला. कॉफी दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघत, आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस शब्द जुळवत बसलेला. कुंपणापासून घरापर्यंत येताना वाटेत त्यानं ते किती वेळा म्हणून पाहिलं असेल.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं होतं मला. त्याच संध्याकाळी."

"हां, मग ठीक," पेरो सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, आणि तिचा हात दाबून उठला.

त्याच्यामागे रांगेत बँकेचा जुना मॅनेजर उभा होता. तो पुढे आला. म्हणाला, "मिसेस निस्कानेन, तुम्ही काही खाल्लंत का?" ती नाही म्हणाली. तो टेबलाकडे गेला आणि तिच्यासाठी बशी भरून घेऊन आला. तिने ती मांडीवर घेतली, आणि नवरा रेइनो गेला तेव्हाही लोकांसमोर न रडलेली आयली तिथे, भरल्या खोलीत, रडली.